बायपासची तारीख ठरल्यावर रक्त गोठण्याचा हिशेब कसा ठेवायचा

बायपासच्या एकाच दिवसात रुग्णाच्या रक्ताला तीनदा उलटसुलट आज्ञा मिळतात. सकाळी हेपारिन देऊन गोठणं जवळपास बंद केलं जातं. ग्राफ्ट, म्हणजे पायातली शीर किंवा छातीतली धमनी वापरून बंद धमनीला काढलेल्या पर्यायी वाटा, जोडून झाले की प्रोटामिन देऊन ते पुन्हा सुरू करतात. संध्याकाळी किंवा रात्री, नवे ग्राफ्ट बुजू नयेत म्हणून अ‍ॅस्पिरिन देऊन त्याला परत थोडा आवर घालतात. बायपासमधल्या रक्तस्रावाच्या आणि गुठळ्यांच्या बऱ्याच तक्रारी यातली एखादी पायरी चुकीच्या वेळी पडल्यामुळे किंवा अर्धवट राहिल्यामुळे उद्भवतात. थिएटरमधल्या पायऱ्या भूलतज्ज्ञ, सर्जन आणि परफ्युजनिस्ट (हार्ट-लंग मशीन चालवणारे तंत्रज्ञ) सांभाळतात. पण आधीचा आठवडा आणि नंतरचे महिने घरच्यांकडे असतात, आणि तिथे सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं: कोणतं औषध, किती, आणि शेवटचं कधी घेतलं?

खाली दिलेले दिवस आणि डोस हे काय चाललं आहे ते कळावं म्हणून आहेत. कोणतीही गोळी बंद किंवा सुरू करण्याचा निर्णय तुमच्या सर्जनचा किंवा कार्डिओलॉजिस्टचा. स्टेंट असलेल्या रुग्णाने तर स्वतःच्या मनाने एकही डोस चुकवू नये. गोळी अचानक थांबवल्याने स्टेंटमध्ये गुठळी झाली, तर ऑपरेशनच्या आधीच हार्ट अटॅक येतो.

आधी गोळ्यांची पिशवी रिकामी करा

एका कागदावर तीन रकाने आखा: गोळीचं नाव, त्यातले घटक आणि मिलिग्रॅम, शेवटचा डोस कोणत्या तारखेला किती वाजता. घटक स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात असतात, ते वाचूनच लिहा. आपल्याकडे हृदयरोग्यांना तीन औषधं एकत्र असलेल्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात आणि गोंधळ तिथेच होतो. इकोस्प्रिन एव्हीमध्ये अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलचं औषध असतं, पण इकोस्प्रिन गोल्डमध्ये त्याशिवाय गुठळी टाळणारं क्लोपिडोग्रेलही असतं. डेप्लाट सीव्ही आणि रोसुवास गोल्ड यांचंही तसंच. ‘ती कोलेस्टेरॉलची गोळी आहे’ असं सांगून रुग्ण ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपर्यंत क्लोपिडोग्रेल घेत राहतो आणि दुसऱ्या दिवशी छातीतलं रक्त थांबायला वेळ लागतो. भरती होताना कागदासोबत स्ट्रिपही घेऊन जा.

अटॅक आल्यावर फॅमिली डॉक्टरांनी किंवा पहिल्या हॉस्पिटलने एकदम बऱ्याच गोळ्या चघळायला किंवा गिळायला दिल्या असतील, तर तो लोडिंग डोस. क्लोपिडोग्रेलच्या ७५ मिग्रॅच्या चार किंवा आठ गोळ्या, किंवा तशाच कामाच्या टिकाग्रेलॉरच्या ९० मिग्रॅच्या दोन. त्याची वेळ हमखास लिहून घ्या. पहिल्या हॉस्पिटलच्या केसपेपरवर ती असते.

तातडी नसेल तर साधारण एवढे दिवस थांबतात: क्लोपिडोग्रेल ५ दिवस, प्रासुग्रेल ७ दिवस, टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस. अ‍ॅस्पिरिन ७५ ते १५० मिग्रॅ बहुतेकदा चालूच ठेवतात. हे आकडे आले कुठून? प्लेटलेट, म्हणजे जखमेवर गोळा होऊन गुठळी धरणारी रक्तातली बारीक पेशी, ७ ते १० दिवस जगते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि प्रासुग्रेल प्लेटलेटला कायमचं निकामी करतात, त्यामुळे औषध रक्तातून गेलं तरी ती प्लेटलेट सुधारत नाही. रोज साधारण दहा टक्के नव्या प्लेटलेट तयार होतात, आणि पाच दिवसांत कामाच्या प्लेटलेट निम्म्याच्या आसपास पोहोचतात. टिकाग्रेलॉरचं वेगळं आहे. ते प्लेटलेटला घट्ट धरत नाही, सुटून जातं, म्हणून कमी दिवस पुरतात. पण जोवर ते रक्तात फिरत असतं तोवर बाहेरून चढवलेल्या ताज्या प्लेटलेटनाही ते निकामी करतं. म्हणून टिकाग्रेलॉर घेतल्यावर पहिल्याच दिवशी ऑपरेशन करावं लागलं, तर नुसत्या प्लेटलेटच्या पिशव्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

झडपेचा जुना त्रास किंवा अनियमित ठोके यांसाठी असिट्रॉम किंवा वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर असिट्रॉम साधारण ३ दिवस आणि वॉर्फरिन ५ दिवस आधी थांबवून आयएनआर (या गोळ्यांनी रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा) १.५ च्या खाली आल्याची खात्री करतात. रिव्हारोक्सॅबान, अ‍ॅपिक्सॅबान, डॅबिगॅट्रान यांना किमान २ ते ३ दिवस लागतात. किडनी कमजोर असेल तर जास्त, विशेषतः डॅबिगॅट्रानला, कारण ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं.

यादीच्या खाली आणखी चार प्रश्नांची उत्तरं लिहा. दात काढल्यावर किंवा जखम झाल्यावर रक्त खूप वेळ वाहत राहिलं होतं का? घरात कुणाला रक्त न गोठण्याचा आजार आहे का? मागे कधी हेपारिन दिल्यावर प्लेटलेट घसरल्या होत्या का? आणि चौथा, जो बहुतेक घरांत कुणाच्या डोक्यातही येत नाही: रुग्ण मिक्स्टार्डसारखं, हलवून घ्यावं लागणारं दुधी इन्सुलिन घेतो का? त्यात थोडं प्रोटामिन असतं. वर्षानुवर्षं ते टोचून घेतलेल्या काही जणांचं शरीर प्रोटामिनला ओळखून बसतं, आणि ऑपरेशनच्या शेवटी मोठा डोस गेला की रक्तदाब एकदम कोसळू शकतो. माशांची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा, कारण प्रोटामिन मुळात माशाच्या शुक्रपेशींतून मिळवलेलं प्रथिन आहे. अशा रुग्णांनाही ते देता येतं, फक्त भूलतज्ज्ञ तयारीत राहून हळू देतात.

हळद, लसूण, माशाचं तेल यांच्या कॅप्सूल आणि कुठलेही काढे चालू असतील तर तेही यादीत लिहा. भाजीतली हळद-लसूण बंद करायची गरज नाही.

रक्तपेढीचं काम आधी उरका

रुग्णाचा गट आणि क्रॉसमॅच (दात्याचं रक्त रुग्णाला जुळतं का ती तपासणी) झाला का, पॅक्ड सेलच्या, म्हणजे लाल पेशींच्या, किती पिशव्या राखून ठेवल्या, हे भरतीच्या दिवशीच विचारा. लाल पेशींच्या पिशव्या महिनाभराहून जास्त टिकतात आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा द्रव, गोठवून वर्षभर ठेवता येतो. प्लेटलेट मात्र फक्त ५ दिवस टिकतात, तेही २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवून. म्हणून धावपळ होते ती एसडीपीसाठी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेटसाठी. दोन दाते आधीच सांगून ठेवा आणि त्यांना एक गोष्ट बजावा: मागच्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेलं चालणार नाही. साध्या अंगदुखीच्या गोळीतही ते असू शकतं, त्यामुळे घेतलेली गोळी कोणती ते रक्तपेढीला दाखवावं. सख्ख्या भावाने किंवा मुलाने रक्त दिलं तर ते रेडिएशन दिल्याशिवाय रुग्णाला चढवू नये. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात तग धरून त्याच्यावरच हल्ला करण्याचा धोका असतो. भावाचं रक्त रक्तपेढीला मिळावं आणि रुग्णाला तिथलं दुसरं मिळावं, हेच बरं.

थिएटरमध्ये

१९५३ साली फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी ऑपरेशनभर हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. त्या मशीनची आजवरची अडचण तीच आहे: रक्त प्लास्टिकला लागलं की गोठू लागतं. म्हणून मशीनला जोडण्यापूर्वी दर किलो वजनाला ३०० ते ४०० युनिट हेपारिन शिरेतून देतात. ७० किलोच्या माणसाला २१ ते २८ हजार युनिट. मग रक्ताचा थेंब घेऊन एसीटी मोजतात, म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते. एरवी ते शंभर-सव्वाशे सेकंदांच्या आसपास असतं. मशीन सुरू करायला अनेक केंद्रांत ४८० सेकंदांच्या वर लागतं, आणि मग साधारण दर अर्ध्या तासाने पुन्हा मोजतात.

कधीकधी भरपूर हेपारिन देऊनही आकडा चढत नाही. हेपारिन स्वतः काहीच करत नाही. रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन नावाच्या प्रथिनाचा जोर ते वाढवतं. ऑपरेशनच्या आधी बरेच दिवस हेपारिन चालू असेल तर ते प्रथिन खर्च झालेलं असतं. मग जादा हेपारिन, अँटिथ्रॉम्बिन किंवा प्लाझ्मा द्यावा लागतो. आयसीयूत आधी किती दिवस हेपारिन चाललं हे म्हणून महत्त्वाचं.

मशीनच्या नळ्यांत सुरुवातीला लिटर-सव्वा लिटर द्रव भरलेला असतो. तो रक्तात मिसळला की गोठवणारी प्रथिनं आणि प्लेटलेट विरळ होतात. उरलेल्या प्लेटलेट नळ्यांना आणि ऑक्सिजनेटरला (मशीनच्या कृत्रिम फुप्फुसाला) घासून थकतात. त्यात भर म्हणून गुठळी विरघळवणारी यंत्रणा चेतते, आणि झालेली गुठळीही टिकत नाही. या शेवटच्या गोष्टीवर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड देतात. जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीने १९६० च्या दशकात शोधलेलं हे औषध स्वस्त आहे आणि रक्त चढवण्याची गरज स्पष्ट कमी करतं. डोस फार मोठा झाला तर ऑपरेशननंतर झटके येऊ शकतात, म्हणून किडनीच्या रुग्णांत तो कमी ठेवतात.

भारतात खूप बायपास मशीनशिवाय, धडधडत्या हृदयावर होतात. त्यात हेपारिन सहसा कमी लागतं, रक्त विरळ होत नाही आणि रक्तस्राव कमी होतो. त्याची दुसरी बाजू अशी की प्लेटलेट ताज्यातवान्या राहतात आणि ऑपरेशनच्या धक्क्याने रक्त गोठण्याकडे झुकतं. म्हणून अशा रुग्णांना नंतर अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल देण्याकडे कल असतो.

शेवटी प्रोटामिन: दर १०० युनिट हेपारिनला जास्तीत जास्त १ मिग्रॅ, सावकाश, दहा-पंधरा मिनिटांत. घाईने दिलं तर रक्तदाब पडतो. प्रमाणाबाहेर दिलं तर प्रोटामिनच रक्त गोठू देत नाही. त्यामुळे रक्त थांबत नाही म्हणून पुन्हा पुन्हा प्रोटामिन देत राहणं हा उपाय नव्हे. आधी एसीटी पाहायला हवं.

आयसीयूतली पहिली रात्र

छातीतून दोन-तीन नळ्या बाहेर आलेल्या दिसतील. त्यांच्या डब्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात आणि नर्स दर तासाला आकडा लिहितात. पहिल्या २४ तासांत अर्धा लिटर किंवा त्याहून थोडं जास्त येणं नेहमीचं. सुरुवातीला लाल, मग हळूहळू फिकट आणि पाणचट. पुन्हा छाती उघडायची का, यासाठी वापरला जाणारा एक जुना मापदंड असा: एका तासात ५०० मिली, सलग दोन तास दर तासाला ४०० मिली, सलग तीन तास दर तासाला ३०० मिली, किंवा चार तासांत एकूण एक लिटर. दर शंभरात साधारण दोन ते पाच जणांना परत थिएटरमध्ये न्यावं लागतं. अनेकदा एखाद्या टाक्यातून किंवा छातीची धमनी सोडवून घेतली त्या जागेतून रक्त येत असतं. तिथे कितीही प्लाझ्मा चढवला तरी उपयोग नसतो, टाकाच घालावा लागतो. परत नेलं म्हणजे सर्जन चुकले, असं समजू नका. उशीर करणं जास्त धोक्याचं.

जोरात येणारं रक्त अचानक थांबलं आणि त्याच वेळी रक्तदाब उतरू लागला, लघवी कमी झाली, तर ती सुधारणा नसते. नळीत गुठळी अडकून रक्त हृदयाभोवती साचत असतं आणि हृदयाला दाबत असतं. ही मिनिटांची गोष्ट आहे.

नळीतून जास्त येतंय म्हटल्यावर डॉक्टर क्रमाने पाहतात. आधी अंग गरम आहे का: ३५ अंशांच्या खाली प्लेटलेट आणि प्रथिनं दोन्ही मंदावतात, म्हणून ते गरम हवेचं पांघरूण. मग रक्तातलं आम्ल आणि कॅल्शियम. पिशव्यांतल्या रक्तात ते गोठू नये म्हणून सायट्रेट असतं आणि ते कॅल्शियम पकडतं, त्यामुळे बऱ्याच पिशव्या चढवल्यावर कॅल्शियम द्यावंच लागतं. मग एसीटी. चरबीत आणि ऊतींत दडलेलं हेपारिन काही तासांनी रक्तात परत येतं, त्यावर २५ ते ५० मिग्रॅ प्रोटामिन पुरतं. हे सगळं ठीक असेल तर प्लेटलेट, पीटी-आयएनआर आणि फायब्रिनोजेन (गुठळीचं जाळं विणणारं प्रथिन). सोय असेल तिथे गुठळी कशी बनते ते दाखवणाऱ्या टीईजी किंवा रोटेम मशीनवर नेमकी कमतरता काही मिनिटांत कळू लागते. रक्त वाहत असताना फायब्रिनोजेन दीडशेच्या खाली असेल तर क्रायो (प्लाझ्मातून काढलेला, फायब्रिनोजेन भरपूर असलेला भाग), आयएनआर वाढला असेल तर दर किलोला १० ते १५ मिली प्लाझ्मा, प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली किंवा आधीच्या गोळ्यांमुळे निकामी असतील तर एसडीपी. आकडे कमी असून रक्त येत नसेल तर सहसा काहीही चढवत नाहीत. प्लाझ्मा वितळायला अर्धा तास जातो, त्यामुळे रक्तपेढीला फोन आधी गेला पाहिजे.

नातेवाइकांनी भेटीच्या वेळी तीनच गोष्टी विचाराव्यात: मागच्या चार तासांत नळीतून किती आलं, किती आणि कोणत्या पिशव्या चढवल्या, आणि अ‍ॅस्पिरिन सुरू झालं का.

पाचव्या दिवसानंतर प्लेटलेट पुन्हा घसरल्या तर

ऑपरेशननंतर प्लेटलेट कमी होणं ठरलेलंच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या तळाला जातात आणि मग चढू लागतात. चढून पुन्हा कोसळणं मात्र वेगळं. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान त्या निम्म्याहून खाली आल्या तर हेपारिनविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्याची शंका घ्यावी लागते. मागच्या शंभर दिवसांत हेपारिन दिलेलं असेल तर, उदाहरणार्थ अँजिओग्राफीच्या वेळी, हे पहिल्या-दुसऱ्या दिवशीही होऊ शकतं. यात प्लेटलेट कमी असूनही धोका रक्तस्रावाचा नसतो, गुठळ्यांचा असतो: पायात, फुप्फुसात, ग्राफ्टमध्ये. सलाइनची नळी धुण्यासाठी वापरलेलं हेपारिनसुद्धा बंद करून आर्गाट्रोबान किंवा बायव्हालिरुडिनसारखं दुसरं औषध द्यावं लागतं. प्लेटलेट दीड लाखाच्या वर येईपर्यंत असिट्रॉम किंवा वॉर्फरिन सुरू करत नाहीत. डिस्चार्जनंतर दहा-बारा दिवसांनी पाय सुजला आणि ताज्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट कमी दिसल्या, तर जुने सगळे आकडे घेऊन परत जा. रोजचे प्लेटलेटचे आकडे एका ओळीत लिहून ठेवले असतील तर निदान लवकर होतं. आणि एकदा हे निदान झालं की ते केसपेपरवर ठळक अक्षरांत लिहून घ्या. पुढे कुठेही हेपारिन देताना ते दिसलं पाहिजे.

अ‍ॅस्पिरिन आणि जोडीची गोळी

नळीतलं रक्त आटोक्यात असेल तर ६ तासांच्या आत अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. पायाच्या शिरेला धमनीचा दाब सोसायची सवय नसते. तिचं आतलं अस्तर काढताना आणि जोडताना दुखावतं आणि पहिल्या महिन्यात तिच्यात गुठळी होण्याची भीती सर्वांत जास्त. छातीच्या आतल्या धमनीचा ग्राफ्ट बहुतेकदा वर्षानुवर्षं टिकतो, खरी काळजी शिरेच्या ग्राफ्टची. अ‍ॅस्पिरिन आयुष्यभर चालतं. अटॅकनंतर बायपास झाला असेल तर सहसा १२ महिने दुसरी प्लेटलेटविरोधी गोळीही असते. डिस्चार्ज कार्डावर ‘कधीपर्यंत’ हा रकाना रिकामा असेल तर तिथेच भरून घ्या. क्लोपिडोग्रेलबरोबर पोटासाठी पँटोप्राझोल चालतं. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल टाळतात, कारण ती क्लोपिडोग्रेलला यकृतात कामाचं रूप घेऊ देत नाहीत.

अंगदुखीला पॅरासिटामोल घ्या. कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक यांतलं काही घेऊ नका. बायपासनंतर लगेच ही औषधं अटॅकचा धोका वाढवतात, पोटात रक्तस्राव करतात, आणि आयब्युप्रोफेन तर प्लेटलेटवरची अ‍ॅस्पिरिनची जागाच अडवतं. विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री ऑपरेशनपासून बंद, कायमची.

ठोके बिघडून असिट्रॉम लागलं तर

दर चार रुग्णांपैकी साधारण एकाला ऑपरेशननंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित होणं, होतं. ते लांबलं तर हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होऊ नये म्हणून असिट्रॉम, वॉर्फरिन किंवा नव्या गोळ्या देतात, आणि साधारण दोन महिन्यांनी पुन्हा विचार करतात. आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा. सुरुवातीला तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, स्थिर झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी तपासायचा. असिट्रॉम १, २, ३, ४ मिग्रॅमध्ये मिळतं, त्यामुळे दुकानदाराने दिलेल्या स्ट्रिपवरचा आकडा प्रत्येक वेळी वाचा. विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट नको.

ठोक्यांसाठी दिलेलं अ‍ॅमिओडॅरोन आयएनआर वाढवतं आणि बंद केल्यावरही कित्येक आठवडे अंगात राहतं, म्हणून या दोघांची जोडी असेल तर तपासणी जवळजवळ ठेवा. जुलाबाला मेट्रोनिडाझोल किंवा बुरशीला फ्लुकोनाझोल कुणी दिलं तर असिट्रॉम चालू आहे हे आधी सांगा. पालक, मेथी, शेपू, अळू सोडू नका. फक्त आठवड्यात जेवढी खाता तेवढीच खा. श्रावणात एकदम पालेभाज्या वाढल्या तर आयएनआर उतरतो. स्नायूत इंजेक्शन घेऊ नका.

कशासाठी त्याच दिवशी जायचं

शीर काढलेल्या पायावर थोडी सूज महिनाभर राहते, पाय उंच ठेवल्यावर उतरते. पोटरी टणक होऊन दुखणं, मांडीपर्यंत सूज, दुसराच पाय सुजणं, एकदम धाप लागणं ही वेगळी गोष्ट. डांबरासारखी काळी शौच पोटातल्या रक्तस्रावाची, पण लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, तेव्हा डॉक्टरांना दोन्ही सांगा. तोंड वाकडं होणं, हात गळणं, बोलणं अडखळणं यांसाठी १०८ ला फोन करा आणि बायपासची तारीख सांगा. नुकतं मोठं ऑपरेशन झालेलं असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा देता येत नाही, तार घालून गुठळी काढण्याची सोय असलेलं हॉस्पिटल लागतं.

सगळ्यांत फसवी गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येते, विशेषतः असिट्रॉमवर असलेल्यांत. हृदयाभोवती रक्ताळ पाणी हळूहळू साचतं. रुग्ण फक्त ‘बरं वाटत नाही’ म्हणतो, जेवण जात नाही, जिन्यावर दम लागतो, उठल्यावर अंधारी येते, लघवी कमी होते. अशक्तपणा समजून दिवस घालवू नका, त्याच दिवशी इको करून घ्या. वेळेत सापडलं तर पाणी काढून टाकता येतं.

दात काढायचा, मोतीबिंदू करायचा किंवा एंडोस्कोपी करायची असेल तर अ‍ॅस्पिरिन शक्यतो चालूच ठेवून ते करतात. दातांचे डॉक्टर ‘आठ दिवस सगळं बंद करा’ म्हणाले, तर बंद करण्यापूर्वी सर्जनला फोन करा आणि पहिल्या वर्षात असाल तर ग्राफ्टची तारीख दोघांनाही सांगा.